हायस्कूल फुटबॉल: आपल्या संघाला कोणता ऑफेन्स झेपेल? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलबद्दल आहे, म्हणजे लांबुळका चेंडू, हेल्मेट, पॅड्स आणि शुक्रवारची रात्र. पोरगं नववीत संघात गेलं की मराठी आईबाप हळूहळू या खेळात ओढले जातात. आधी कन्सेशन स्टँडवर नाचो विकायला उभे राहतात, मग साइडलाइनला यार्ड मोजायची चेन धरतात, आणि एखादा फ्रेशमन (नववीच्या) संघाचा सहायक कोच होऊन बसतो. खालचे प्रश्न विचारणारे बहुतेक या तिन्हींपैकी कोणीतरी असतात. डाउन म्हणजे काय आणि टचडाउनचे गुण किती, हे इथे सांगत बसलेलो नाही. एवढंच सांगतो: ऑफेन्स म्हणजे बॉल आपल्याकडे असताना आक्रमण करायची पद्धत, डिफेन्स म्हणजे ते अडवणारी बाजू, आणि एक ठरलेली चाल म्हणजे प्ले. पुढच्या ओळीतले लाइनमन समोरच्याला अंगाने अडवतात, तो ब्लॉक. त्यांच्या मधला सेंटर बॉल मागे देतो, ती स्नॅप. तो घेऊन पुढे देणारा किंवा फेकणारा क्वार्टरबॅक, पास पकडणारे रिसीव्हर, आणि बॉल घेऊन पळणं म्हणजे रन.

स्कीम म्हणजे फॉर्मेशनच ना?

नाही. स्नॅपच्या आधी अकरा जण कुठे उभे राहिले ते फॉर्मेशन. स्कीम म्हणजे लाइनमननी कोणाला ब्लॉक करायचं याचे नियम, बॉल कोणाकोणाकडे जाऊ शकतो याचे पर्याय, आणि डिफेन्सने एक वाट बंद केली की आपण दुसरीकडे कसे जाणार याचं आधीच ठरलेलं उत्तर.

'पॉवर' हा प्ले घ्या. ज्या बाजूला धावायचं तिथले लाइनमन आतल्या दिशेने ब्लॉक करतात आणि पलीकडचा गार्ड (सेंटरच्या शेजारचा लाइनमन) जागा सोडून, वळून, तयार झालेल्या भगदाडातून पुढे शिरतो. हाच प्ले आय फॉर्मेशनमधून (क्वार्टरबॅकमागे दोन धावपटू एका रांगेत) चालतो आणि चार रिसीव्हर पसरवून शॉटगनमधूनही (क्वार्टरबॅक सेंटरपासून बराच मागे) चालतो. प्रेक्षकांना दोन वेगळे ऑफेन्स दिसतात, पण गार्डला दोन्हीकडे एकच काम असतं. फॉर्मेशन एका दुपारी शिकवता येतं. ब्लॉकिंगची पावलं बसायला सगळा ऑगस्ट जातो आणि तरी सप्टेंबरात चुका होतातच.

म्हणून एखादा कोच "आम्ही स्प्रेड खेळतो" (म्हणजे रिसीव्हर मैदानभर पसरवून) म्हणाला की मला त्यातून फारसं काही कळत नाही. त्याचा रन कसा ब्लॉक होतो, हे विचारल्यावर कळतं.

मग सगळ्यात चांगला ऑफेन्स कोणता?

या प्रश्नाला मी नेहमी तीन शाळांची नावं सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड गावची दे ला साल ही शाळा १९९२ पासून सलग १५१ सामने जिंकली. कोच बॉब लाडूसूर. त्यांचा ऑफेन्स होता स्प्लिट-बॅक व्हिअर, १९६० च्या दशकात ह्यूस्टन विद्यापीठात बिल योमन यांनी रूढ केलेला ऑप्शन, म्हणजे बॉल कोणी न्यायचा हे क्वार्टरबॅकने प्ले सुरू झाल्यावर ठरवायचं. कॉलेजांनी तो केव्हाच टाकून दिला होता. दे ला सालने तो इतका घोटला की समोरच्याला काय येणार हे ठाऊक असूनही थांबवता येत नसे.

ती मालिका तुटली सप्टेंबर २००४ मध्ये सिअ‍ॅटलला. वॉशिंग्टन राज्यातल्या बेल्व्ह्यू हायस्कूलने त्यांना ३९–२० असं हरवलं. बेल्व्ह्यू खेळत होती विंग-टी, म्हणजे व्हिअरपेक्षाही जुना, १९५० च्या आसपास डेव्हिड नेल्सन यांनी बांधलेला आणि डेलावेअर विद्यापीठात नावारूपाला आलेला ऑफेन्स.

त्याच काळात टेक्सासमधल्या साउथलेक कॅरलमध्ये कोच टॉड डॉज पसरलेल्या फॉर्मेशनमधून, हडल (प्लेआधीचा घोळका) न करता, भरपूर पास फेकत होते. २००२ ते २००६ या पाच हंगामांत ७९ विजय, एक पराभव, चार राज्य विजेतेपदं. तो एक पराभवही अंतिम सामन्यात, एका गुणाने.

एकाच दशकातली ही तीन उदाहरणं आहेत, आणि ऑफेन्स एकमेकांशी अजिबात न जुळणारे. तिघांत सारखं काय, तर तिन्ही कोचांना आपल्या प्लेच्या पोटातलं सगळं माहीत होतं आणि तिघांनीही ते वर्षानुवर्षं बदललं नाही. कागदावर एक ऑफेन्स दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ आहे, असं मी तरी मानत नाही. आपल्या मुलांना न झेपणारा ऑफेन्स मात्र असतो, आणि दर वर्षी कितीतरी शाळा नेमका तोच निवडतात.

निवड सुरू कुठून करायची? क्वार्टरबॅकपासून?

सगळे तिथूनच करतात. मी लाइनपासून करतो.

सार्वजनिक शाळेत मुलं निवडून आणता येत नाहीत, त्या भागात राहणारी जी येतील ती आपली. त्यामुळे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बघायचं ते हे: बिनधास्त उभे करता येतील असे लाइनमन किती आहेत? पाच असले तर नशीब, सात असले तर चैन. त्यांत वजनदार किती आणि चपळ किती? गार्डच्या जागी जागा सोडून वळून पळू शकेल असा एक तरी आहे का? नसेल तर पॉवर, काउंटर, विंग-टी या गोष्टी मनातून काढा.

मग सेंटर. शॉटगनमध्ये सेंटरला बॉल पाच यार्ड मागे, क्वार्टरबॅकच्या छातीशी, न बघता फेकायचा असतो आणि लगेच समोरच्या धिप्पाड मुलाला अडवायचं असतं. हे दर सामन्यात साधारण पन्नास-साठ वेळा. फ्रेशमन आणि जेव्ही (शाळेचा दुसरा संघ) पातळीवर निम्मे 'स्प्रेड ऑफेन्स' याच एका गोष्टीपायी कोसळतात. बॉल डोक्यावरून गेला की सगळं प्लेबुक व्यर्थ. भरवशाचा सेंटर मिळेपर्यंत क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी मागे, चिकटून उभा करा, त्यात कमीपणा काही नाही.

मग क्वार्टरबॅक. त्याचा हात किती जोरकस आहे यापेक्षा तो काय बघून काय ठरवू शकतो, हे महत्त्वाचं. ऑप्शनमध्ये त्याला एका डिफेंडरकडे बघून क्षणात निर्णय घ्यायचा असतो. पासिंग ऑफेन्समध्ये दोन-तीन रिसीव्हर क्रमाने तपासायचे असतात, तेही कोणी अंगावर धावून येत असताना. दोन्ही कसब वेगळी आहेत, आणि एका मुलात दोन्ही क्वचित.

शेवटी एक गोष्ट, जी कोणी विचारतच नाही: लाइनला शिकवणार कोण? तुमच्या स्टाफमध्ये झोन ब्लॉकिंग (ठरावीक माणसाऐवजी जागेप्रमाणे ब्लॉक करणं) खरोखर शिकवू शकणारा माणूस नसेल तर झोनवर उभा असलेला ऑफेन्स घेऊ नका. व्हिडिओ बघून कोचला कळतं, पोरांच्या पायांना कळत नाही.

टीव्हीवर कॉलेजचे संघ जे खेळतात तेच का करू नये?

तीन कारणं आहेत. त्यातलं पहिलं मैदानातच आखलेलं आहे.

मैदान १६० फूट रुंद असतं. हायस्कूलच्या नियमांत हॅश मार्क्स (कडेला थांबलेला बॉल पुढच्या प्लेसाठी ठेवायच्या खुणा) मैदानाचे तीन सारखे भाग करतात, म्हणजे दोन हॅशमध्ये ५३ फूट ४ इंच. कॉलेजमध्ये हे अंतर ४० फूट, आणि एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंच. म्हणजे हायस्कूलमध्ये बॉल एका हॅशवर असला की एका बाजूला जेमतेम अठरा यार्ड आणि दुसरीकडे पस्तीसहून जास्त. टीव्हीवर बघितलेला साइडलाइनकडचा आउट पास रुंद बाजूला फेकायचा तर बॉलला आडवाच तीस-बत्तीस यार्ड प्रवास करावा लागतो. सोळा वर्षांच्या मुलाचा तो पास हवेत तरंगतो, आणि कॉर्नरबॅक (रिसीव्हरला राखणारा डिफेंडर) तो निवांत पकडून उलटा पळत सुटतो. पण हीच रुंद बाजू धावण्यासाठी आणि क्वार्टरबॅक त्या दिशेला सरकत फेकतो त्या छोट्या पासांसाठी सोन्यासारखी आहे. हायस्कूलच्या ऑफेन्सने रुंद बाजूचं काय करायचं, हे आधी ठरवलेलं असावं.

दुसरं कारण, कॉलेजला लाइनमन निवडून घेता येतात. तिसरं म्हणजे वेळ, त्याबद्दल पुढे येईल.

आमची लाइन लहानखुरी आहे. काही आशा?

भरपूर. या खेळाचा सगळ्यात सुंदर भाग माझ्या मते इथेच आहे.

ऑप्शनचं मूळ तत्त्व असं: ज्याला अडवता येत नाही त्याला अडवूच नका. समोरचा डिफेन्सिव्ह एंड (डिफेन्सच्या ओळीतला कडेचा) तुमच्या टॅकलपेक्षा (गार्डच्या बाहेरचा लाइनमन) चाळीस पौंडांनी जड आहे? त्याला मोकळा सोडा आणि क्वार्टरबॅकला त्याच्याकडे बघायला सांगा. तो आत फुलबॅकवर (मागून मधोमध घुसणारा धावपटू) धावला तर क्वार्टरबॅक बॉल ठेवून बाहेर जातो. तो बाहेर थांबला तर बॉल फुलबॅकच्या पोटात. ट्रिपल ऑप्शनमध्ये असे दोन जण मोकळे सोडतात: दुसरा क्वार्टरबॅकवर आला की पिच, म्हणजे बॉल बाजूच्या धावपटूकडे टाकायचा. अकरा डिफेंडरपैकी दोघांना कोणीच हात लावत नाही, तरी दोघंही खेळाबाहेर, आणि तुमचे वाचलेले ब्लॉकर इतरांवर दोघं मिळून तुटून पडायला मोकळे. व्हिअरमध्ये लाइनमन एकमेकांपासून दूर उभे राहतात, त्यामुळे डिफेन्सलाही पसरावं लागतं आणि फटी आधीच तयार होतात. लहान पण चटपटीत मुलांना हे जमतं.

किंमत अशी की सराव रोज हवा. फुलबॅकच्या पोटात बॉल ठेवून काढायचा की सोडायचा, हा क्वार्टरबॅक आणि फुलबॅक या दोघांचा संवाद असतो. तो रोज घोटला नाही तर बॉल जमिनीवर पडतो. सप्टेंबरमध्ये ऑप्शन संघ फंबल करतातच, आणि तेव्हा स्टँडमधून जे ऐकू येतं ते सहन करायची कोचची तयारी हवी.

दुसरा मार्ग डबल विंग. लाइनमन पायाला पाय लावून उभे, दोन्ही बाजूंना एकेक विंगबॅक (कडेला उभा राहणारा धावपटू), आणि ठरलेल्या जागी जवळजवळ सगळा संघ लोटायचा. डॉन मार्कम या कोचने कॅलिफोर्नियातल्या ब्लूमिंग्टन हायस्कूलमध्ये १९९४ साली हाच ऑफेन्स घेऊन गुणांचा पाऊस पाडला होता. दिसायला तो अगदी रुक्ष. रिसीव्हर मुलांचे पालक तर वैतागतात. पण ज्या शाळेत वेगवान मुलं नाहीत, उंच मुलं नाहीत, फक्त कष्टाळू मुलं आहेत, तिथे हा ऑफेन्स सन्मानाने खेळू देतो.

एक नियम लक्षात असू द्या. लाइनवरचे खेळाडू बॉलच्या जवळच्या ठरावीक चौकोनात, दोन्ही बाजूंना चार-चार आणि पुढे-मागे तीन-तीन यार्ड, कमरेखाली ब्लॉक करू शकतात, पण आता ते स्नॅप होताच लगेच करावं लागतं. उशिरा केलेला तसा ब्लॉक म्हणजे दंड. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये असला की बॉल क्षणात त्या चौकोनाबाहेर जातो, म्हणून हा ब्लॉक मुख्यतः क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून उभा करणाऱ्या जुन्या ऑफेन्सच्याच कामाचा. पण जुन्या व्हिडिओंमध्ये जे ब्लॉक दिसतात ते सगळे आज चालतील असं समजू नका.

विंग-टी म्हणजे आजोबांच्या काळातला ऑफेन्स. आज का खेळायचा?

कारण बघणाऱ्याला फसवण्याची कला जुनी होत नाही. विंग-टीचे प्ले सुटे नसतात, मालिकेत असतात. फुलबॅक आत घुसतो, विंगबॅक आडवा पळतो, गार्ड वळतात, क्वार्टरबॅक पाठ फिरवून हात लपवतो. सुरुवातीचे दोन सेकंद दर वेळी हुबेहूब सारखे, आणि बॉल तिघांपैकी कोणाकडेही. चांगला लेगस्पिनर एकाच अ‍ॅक्शनने लेगब्रेकही टाकतो आणि गुगलीही, तसंच. लाइनबॅकर (डिफेन्सच्या ओळीमागचा खेळाडू) फुलबॅकवर धावला तर बॉल बाहेर गेलेला असतो, आणि पुढच्या वेळी तो थांबला तर फुलबॅक त्याच्या शेजारून निघून जातो. तिसऱ्यांदा सगळे पुढे धावले की टाइट एंड (लाइनला लागून उभा राहणारा रिसीव्हर) एकटाच मागे मोकळा उभा.

कोचसाठी याचा फायदा असा की सामन्यात काय बोलवायचं हे समोरचाच सांगतो. प्रत्येक प्लेला 'तो असा वागला तर हा दुसरा' अशी जोडी आधीच ठरलेली असते.

शिवाय दुर्मिळपणाचं मोल आहे. शुक्रवारचा सामना झाल्यावर पुढच्या संघाच्या कोचला तयारीला तीन-चार सराव मिळतात. आठवडाभर त्याच्या राखीव मुलांनी तुमची हूल नक्कल करून दाखवायची असते, आणि ती त्यांना कधीच नीट जमत नाही. लीगमधले नऊ संघ स्प्रेड खेळत असतील तर दहाव्याने विंग-टी खेळावा, असं मी तरी सुचवेन.

म्हणजे तुम्ही स्प्रेडच्या विरोधात आहात?

मुळीच नाही. पासवर चालणाऱ्या ऑफेन्सचा बराचसा वारसा हायस्कूलमधूनच वर गेलाय. १९५८ मध्ये ओहायोतल्या मिडलटाउन हायस्कूलमध्ये टायगर एलिसन यांचा हंगाम हातातून निसटत होता. त्यांनी लाइन एका बाजूला दूर नेऊन ठेवली, सेंटर आणि क्वार्टरबॅक जवळपास एकटे सोडले आणि उरलेल्या सामन्यांचा नूर पालटला. त्यातूनच पुढे रन-अँड-शूट आला, ऑरेगनच्या हायस्कूल मैदानांवर माउस डेव्हिस यांनी तो वाढवला आणि कॉलेजात नेला. हाल ममी हे कॉपरस कोव्ह या टेक्सासमधल्या हायस्कूलचे कोच होते. तिथून ते १९८९ मध्ये आयोवा वेस्लियन या छोट्या कॉलेजात गेले, माइक लीच त्यांच्याबरोबर आले, आणि एअर रेड हा पासवर चालणारा ऑफेन्स जन्माला आला.

एअर रेडकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचा आटोपशीरपणा. मोजकेच पास, डावीकडे आणि उजवीकडे, रोज, कंटाळा येईपर्यंत. टीव्हीवर तो गुंतागुंतीचा वाटतो, मुलांच्या डोक्यात मात्र त्याचं ओझं फार नसतं. एक नेमका फेकणारा क्वार्टरबॅक, बॉल न सोडणारे तीन-चार रिसीव्हर आणि अडीच सेकंद तग धरणारी लाइन असेल तर स्प्रेड जरूर खेळा. लाइन अडीच सेकंद टिकत नसेल तर पास छोटे आणि झटपट ठेवा, नाहीतर क्वार्टरबॅकचे हाल होतील.

उन्हाळ्यातल्या सेव्हन-ऑन-सेव्हन (सात विरुद्ध सात, लाइनशिवाय) स्पर्धांवरून अंदाज मात्र बांधू नका. तिथे अंगावर येणारं कोणीच नसतं. जुलैचे कित्येक महान क्वार्टरबॅक सप्टेंबरात सापडत नाहीत.

आरपीओ शिकवावा का?

आरपीओमध्ये (रन-पास ऑप्शन) लाइन रनसाठी ब्लॉक करते आणि क्वार्टरबॅक एका डिफेंडरकडे बघून बॉल देतो किंवा पास फेकतो. मोह पडण्यासारखाच आहे. पण हायस्कूलच्या नियमात पास हातातून सुटण्याआधी लाइनमन दोन यार्डांपलीकडे गेलेला चालत नाही. कॉलेजमध्ये ही सूट तीन यार्ड आहे. हा एक यार्ड किरकोळ वाटतो, पण जोशात पुढे गेलेला तुमचा गार्ड नेमका त्या एका यार्डात सापडतो. एक किंवा दोन आरपीओ ठेवा, तेही पास चटकन सुटेल असे. (टेक्सास हायस्कूल फुटबॉल कॉलेजच्या नियमांवर आधारलेले नियम पाळतं, त्यामुळे तिथल्या कोचांच्या क्लिपा बघून शिकताना आपल्या राज्याचा नियम आधी तपासा.)

प्लेबुकमध्ये किती प्ले असावेत?

कोचला वाटतं त्याच्या एक तृतीयांश.

समजा आठवड्यात सरावाचे चार दिवस, रोज दोन तास. त्यातून वॉर्म-अप, डिफेन्स, किकिंग, वैयक्तिक कसरती वजा केल्या तर अकरा विरुद्ध अकरा असा ऑफेन्सचा सराव दिवसाला पंचवीस-तीस मिनिटं उरतो. मिनिटाला एक प्ले धरला तर आठवड्याला शंभर-सव्वाशे. पंचवीस प्ले असतील तर प्रत्येकाला चार-पाच वेळा. तोही एकाच डिफेन्सविरुद्ध. दहा प्ले असतील तर प्रत्येकाला दहा-बारा वेळा, आणि समोरचा डिफेन्स बदलून बघायलाही वाव मिळतो.

शिवाय पूर्ण ताकदीने धडकायची मुभा आता बऱ्याच राज्यांत फारच कमी आहे. न्यू जर्सीत २०१९ पासून हंगामात आठवड्याला फक्त १५ मिनिटं. कॅलिफोर्नियात कायद्यानेच आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी जास्तीत जास्त ९० मिनिटं. मुलांच्या डोक्यांसाठी हे योग्यच आहे, यात वाद नाही. पण स्कीम निवडताना हे धरून चाला: ज्या ऑफेन्सचं यश जोरदार धडकेवर आहे त्याचा सराव कमी होणार, आणि ज्याचं यश पावलांवर, कोनांवर, वेळेवर आहे त्याचा सराव हेल्मेट न आपटताही होतो.

माझा हिशेब असा: चार रन, त्या प्रत्येकाचं एक प्रत्युत्तर, चार पास, एक स्क्रीन (लाइनच्या मागे फेकलेला छोटा पास), आणि लोकांना खूश करायला एक गंमतीचा प्ले. यापलीकडे काही घालायचं असेल तर फॉर्मेशन बदला, प्ले नको.

आमची अर्धी मुलं ऑफेन्स आणि डिफेन्स दोन्हीकडे खेळतात. हडल न करता वेगाने खेळावं का?

वेगाचं आकर्षण गस मालझान यांच्यामुळे वाढलं. ते अर्कान्सासमध्ये हायस्कूल कोच होते आणि २००५ मध्ये स्प्रिंगडेलचा त्यांचा संघ १४–० राहिला. पण वेगाने खेळताना तीन प्ले फसले तर तुमचा डिफेन्स मिनिटभरात पुन्हा मैदानात, आणि तो डिफेन्स म्हणजे तीच दमलेली मुलं. चाळीस मुलांच्या आतला संघ असेल तर हडल करा, प्ले-क्लॉक (पुढचा प्ले सुरू करायची मुदत मोजणारं घड्याळ) खाली उतरू द्या, बारा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये समोरच्याला बॉल दोनदाच मिळेल असं बघा. हडल टाळायचाच असेल तर घाई न करताही टाळता येतो: लाइनवर उभं राहायचं, डिफेन्स कसा उभा राहिला ते साइडलाइनवरून बघायचं आणि मग प्ले पाठवायचा.

क्वार्टरबॅक असामान्य आहे. सगळा ऑफेन्स त्याच्याभोवती बांधला तर?

त्याचा घोटा मुरगळला तर काय खेळणार, हे आधी लिहून ठेवा. उत्तर असेल तर बांधा.

चौथ्या डाउनला पंट (बॉल लाथेने दूर मारून समोरच्याला देणं) न करण्याचा आणि स्कीमचा काही संबंध आहे?

आहे, आणि तो फार कोचांच्या लक्षात येत नाही. दहा यार्ड गाठायला तीनच डाउन वापरायचे असतील तर दर डाउनला सरासरी सव्वातीन-साडेतीन यार्ड हवेत. चारही वापरायचे ठरवले तर अडीच पुरतात. अडीच-तीन यार्ड नेमाने देणारा ऑप्शन किंवा डबल विंग तेव्हा एकदम भयंकर होतो. तिसऱ्या डाउनला सहा यार्ड बाकी असताना पास फेकायची सक्तीच उरत नाही.

लिटल रॉकच्या पुलास्की अकॅडमीत केविन केली यांनी हे टोकाला नेलं. पंट जवळजवळ बंद, गुण मिळवल्यावर बहुतेक वेळा ऑनसाइड किक (बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली छोटी किक). २००३ ते २०२० मध्ये नऊ राज्य विजेतेपदं. गंमत म्हणजे त्यांचा ऑफेन्स पासचा होता. २०२१ मध्ये ते प्रेस्बिटेरियन कॉलेजात तेच घेऊन गेले, संघ २–९ असा आटोपला आणि एका हंगामात ते बाहेर पडले. ज्या मुलांवर, ज्या पातळीवर एखादी गोष्ट चालते तिथून ती उचलून दुसरीकडे ठेवली की काय होतं, त्याचा हा पुरावा म्हणा.

कोणी पाहिलंच नाही असं विचित्र काहीतरी करून सामना मारता येईल का?

एखादा सामना मारता येईल. कॅलिफोर्नियातल्या पीडमाँट हायस्कूलने २००७ मध्ये ए-११ नावाचा ऑफेन्स आणला होता. किकसाठी असलेल्या सवलतीचा फायदा घेऊन अकराही जणांना पास पकडू शकणाऱ्यांचे नंबर घालायचे, म्हणजे कोण पुढे पळणार हे डिफेन्सला कळेना. देशभर चर्चा झाली. २००९ मध्ये नियम बदलून ती पळवाट बंद केली गेली. बुद्धिमान होता, पण नियमातल्या फटीवर तीन वर्षांचा कार्यक्रम उभा करू नये.

नवीन ऑफेन्स आणला आणि पहिले दोन सामने हरलो. बदलावा?

फिल्म बघा. हडलवर (म्हणजे मैदानातला घोळका नव्हे, बहुतेक शाळा वापरतात ते व्हिडिओचं सॉफ्टवेअर) प्रत्येक फसलेला प्ले थांबवून एकच प्रश्न विचारा: सगळे आपापल्या जागी गेले होते का? गेले असतील आणि तरी मार खाल्ला असेल तर स्कीम झेपत नाही. गेलेच नसतील तर स्कीमचा दोष नाही, शिकवणं अपुरं आहे आणि प्ले बहुधा जास्त आहेत. अर्धे काढून टाका. हंगामाच्या मध्यात पूर्ण ऑफेन्स बदललेला संघ उरलेले सामने दोन्ही ऑफेन्स निम्मे-निम्मे विसरत खेळतो.

मुलगा रिसीव्हर आहे आणि कोच दिवसभर रनच खेळवतात. कॉलेजच्या स्कॉलरशिपचं काय होणार? कोचशी बोलू का?

हा प्रश्न आपल्याकडचे पालक फार विचारतात, आणि बहुतेक वेळा ईमेल लिहून झाल्यावर विचारतात.

स्कीमबद्दल कोचशी बोलू नका. तो तुमचा प्रांत नाही आणि त्याचा परिणाम नेमका मुलाला भोगावा लागतो. मुलाने स्वतः जाऊन "मला जास्त खेळायला मिळावं म्हणून मी काय सुधारू?" एवढं विचारावं. रन खेळणाऱ्या संघातला रिसीव्हर बहुधा ब्लॉकिंगवर तोलला जातो. जो मनापासून ब्लॉक करतो त्यालाच मग तो एक लांब पास मिळतो, ज्यात डिफेन्स रनच्या अपेक्षेने पुढे आलेला असतो आणि तो पूर्ण मोकळा असतो. कॉलेजचे लोक उंची, वेग, गुणपत्रिका आणि फिल्म बघतात. बाकी या खेळात स्कॉलरशिपच्या भरवशावर घराचं अंदाजपत्रक आखू नये.

शाळा फार लहान आहे, अकरा जणच जमत नाहीत.

मग आठ किंवा सहा जणांचा खेळ बघा. सहा जणांचा प्रकार १९३४ मध्ये नेब्रास्कात स्टीफन एप्लर यांनी मांडला. मैदान ८० बाय ४० यार्ड, पहिल्या डाउनसाठी १५ यार्ड, आणि सहाही जण पास पकडू शकतात. तिथे वरचं बरंचसं लागू होत नाही. मोकळ्या मैदानात वेग सगळ्यांना खातो.

पुण्या-मुंबईतून हे वाचतोय. इथे उपयोग?

पॅड्सचा खेळ तिकडे तुरळकच. फ्लॅग फुटबॉल मात्र २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, पाच विरुद्ध पाच. त्यात ब्लॉकिंग नाही, त्यामुळे इथली लाइनची चर्चा सोडून द्या आणि फक्त हूल व पासचा भाग घ्या.

फ्रेशमन आणि जेव्ही संघांनीही व्हर्सिटीचाच (शाळेच्या मुख्य संघाचा) ऑफेन्स खेळावा का?

नावं तीच, ब्लॉकिंगचे नियम तेच, प्ले कमी. व्हर्सिटीत ज्या प्लेला 'चोवीस' म्हणतात त्याला फ्रेशमन संघात दुसरं काही म्हणू नका. दोन वर्षांनी मुलगा वर येतो तेव्हा नवी भाषा शिकण्यात त्याचा ऑगस्ट जाऊ नये. फ्रेशमन संघाला तीन रन आणि दोन पास पुरतात. कोच म्हणून तुम्हाला कंटाळा येईल, सामनेही कदाचित एखाददुसरा कमी जिंकाल. जेव्हीने दोन रन आणि प्रत्येकाचं प्रत्युत्तर वाढवावं. जवळच्या मिडल स्कूलचे कोच ऐकायला तयार असतील तर त्यांना फक्त स्नॅपची हाक आणि लाइनची पहिली दोन पावलं द्या, पूर्ण प्लेबुक देऊ नका. आणि दर वर्षी तिथला एक सेंटर हेरून ठेवा. तो नववीत येईपर्यंत त्याला घरच्या अंगणात कोणाच्या तरी छातीकडे बॉल फेकत राहायला सांगा, बाबा रिकामे असतील तर बाबांच्या.